घंटेवरचा हात

३ मार्च

चि. हट्टोबास अनेक आशीर्वाद. (लायकी नाही, पण मोठी बहीण आहे म्हणून देते.)

चार वेळा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. राजीनाम्याचं तुझ्या बायकोकडून कळलं. अरे, वीस वर्षं भरण्याआधी राजीनामा देणाऱ्याला रेल्वे पेन्शन देत नाही! तुझी एकोणीस वर्षं आठ महिने झाली. हत्ती गेला, शेपूट राहिलं, तर ते तू स्वतःच कापलंस? रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षं मी लोकांची पेन्शनची कागदपत्रं केली आणि सख्ख्या भावाने विचारलंसुद्धा नाही. सोळा तारखेला राजीनामा मंजूर होईल, तोवर मागे घेता येतो. घे.

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबलाय.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोन करू नकोस, पत्रच लिही. इतकी वर्षं एकाच केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढले, कंटाळा आला. पेन्शन नाही तर नाही. सायकली दुरुस्त करीन. तुझ्या भावजयीने घर डोक्यावर घेतलंय, तू तरी घेऊ नकोस.

राग ओसरला की लोभ वर काढावा.

हट्टोबा

११ मार्च

चि. हट्टोबास आ.

तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कंटाळा म्हणे! सुट्टीच्या दिवशीही केबिनकडे चक्कर मारणारा तू! तुझी बायको म्हणते, हल्ली दार वाजलं तरी उठत नाहीस, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. तिला वाटतं तू रागावलायस. मला तसं वाटत नाही. मिठाची गुळणी थुंक आणि खरं लिही.

ताई

१३ मार्च

ती. ताईस,

डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, आता उजवाही चाललाय. गाडी निघाली की शेजारच्या केबिनमधून माझ्याकडे घंटा वाजते. मी घंटेच्या पेटीवर तळहात ठेवून बसायचो, थरथर कळायची. गेल्या महिन्यात चहा ओतायला हात काढला, नेमकी तेव्हाच घंटा होऊन गेली. गाडी अकरा मिनिटं सिग्नलला उभी राहिली. काही झालं नाही, पण फार घाबरलो गं. सांगितलं तर हाकलतील, म्हणून आधीच निघालो. घरी कुणाला माहीत नाही.

हट्टोबा

१४ मार्च, जलद टपालाने

गाढवा,

हाकलत नाहीत! डॉक्टरांनी त्या कामाला अपात्र ठरवलं, तर त्याच पगारावर दुसरं काम देतात, तेही नसेल तर पेन्शन देतात. राजीनामा दिलास तरच सगळं जातं. दोन वर्षं लपवलंस, याचा राग मला जन्मभर पुरेल. राजीनामा मागे घ्यायचा अर्ज लिहून सोबत जोडलाय. सही कर, कचेरीत दे, पोच घे. मग डॉक्टरांकडे जा. बायकोलाही सांग. मी फोनवर फोन करत होते आणि तुला ऐकूच येत नव्हतं, याचं फार वाईट वाटतंय.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

अर्ज शेवटच्या दिवशी, कचेरी बंद होता होता दिला. डॉक्टरांनी अपात्र ठरवलं. आता भांडारात सुटे भाग मोजतो. पगार तोच, नोकरी अखंड.

बायकोला सगळं सांगितलं. त्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, पण मला ते कळलंच नाही. शेवटी तिने कागदावर लिहून समोर ठेवलं, की मी तुमच्याशी बोलत नाहीये. ताई, त्या कागदावर हात ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

लोभ असू दे, आणि ओरडणं पत्रातून चालू दे.

तुझा हट्टोबा