फ्लेक्सवरची बारीक बाई

मोशी, मंगळवार, दुपार
(सुजित सेकंड शिफ्टला, सूनबाई वर्षाली कामावर, घरात मी आनि फ्रिज दोघंच)

तीर्थरूप सुभद्राअक्कास, तुझ्या धाकट्या शालनचा पायावर डोकं ठिऊन नमस्कार. (डोकं पायाशी न्यायला गेलं की पोट मदी येतं, म्हनून नमस्कार लांबूनच समजून घे.) दाजींचा खोकला कसा हाय? कपिला व्याली का? तुझी सून अजून भांडी आपटती का आता नुसती झाकनंच आपटती? आमच्याकडं समदं खुशाल हाय असं लिवायची रीत हाय म्हनून लिवते, पन मी काय खुशाल न्हाई. मला लाज वाटतीया. आनि ही लाज फोनवर सांगता येत न्हाई. फोनवर तू हसतीस, तू हसलीस की मी हसते, आनि हसता हसता सांगायचं तेवढं ऱ्हाऊन जातं. शिवाय तुझी सून फोन स्पीकरवर टाकती. म्हनून हे पत्र. टेम्पोवाल्या भैरूच्या हाती धाडते. एकटी बसून वाच. गोठ्यात वाच. कपिलाला ऐकू गेलं तर चालंल, ती कुनाला सांगत न्हाई.

तर माझ्या पोटापासनं सुरू करते. आमचे हे गेले, पन दोघांपुरता स्वयंपाक करायची सवय काय गेली न्हाई. सुजित आनि वर्षाली डबा घिऊन जातात, ऱ्हायलेलं मी खायाची, आनि मंग ह्यांच्या वाटचं म्हनून आनि वाईच खायाची. टाकून कसं द्यायचं, मानसाच्या वाटचं हाय! असं सात वर्सं चाललंय. म्हंजे हे पोट निम्मं माझं आनि निम्मं ह्यांचं हाय, पन नावं मला एकटीलाच ठिवत्यात. मला कधी त्याचं काय वाटलं न्हाई. पन दिवाळीच्या आधी सुजितच्या चाकनच्या कंपनीत घरच्या मानसांना बोलावलं. मशिनी दाखवल्या, जेवाय घातलं, आनि जाताना एकेकाला टी-शर्ट. मला म्हनले, आजी, साडीवरनं घाला, समद्यांचा फोटो काढायचाय. मी घातला. डोकं गेलं, हात गेले, आनि पोटाशी येऊन गाडी जी अडकली ती अडकलीच! खाली जाईना आनि वर पन येईना. दोन पोरी दोन्हीकडनं वढत्यात, मी आत अंधारात "अगं कान, कान!" करून वरडतीया, आनि भायेर कुन्या सायबाची बायको म्हनतीया, "यांच्यासाठी याच्यापुढचा साइज नाही का?" शेवटी ओढूनताणून बसवला. त्याच्यावर छातीपाशी लिवलं व्हतं, 'सुरक्षा माझी जबाबदारी'. त्यातली जबाबदारी पोटावर आली आनि पार कढईएवढी झाली. समदे हसले. मी पन हसले, तुला तर ठाऊक हाय मी आधी हसून घेते. पन सुजित हसला न्हाई. तो बुटांकडं बगत ऱ्हायला. अक्का, पोरगा चार शब्द बोलला असता तर मी आठ बोलून मोकळी झाले असते. त्यानं नुसतं बुटांकडं बगितलं.

म्हनून मी स्वरूपा मॅडमच्या क्लासला नाव घातलं. आमच्या सोसायटीच्या मागं हॉल हाय तिथं सकाळी सहाला अकरा बाया पोटं घिऊन येत्यात. मॅडम सवता अशी, की दारात आडवी उभी ऱ्हायली तर दिसायची न्हाई. पयल्या दिवशी भिंतीला टेकवून फोटो काढला, त्याला 'आधीचा' म्हनत्यात. वजन केलं, अठ्ठ्याहत्तर. मंग नियम सांगितले. चहात साखर न्हाई, भात न्हाई, भाकरी फकस्त अर्धी. आनि दुपारचं ताट वाढलं की खायच्या आधी त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. (देवाला निवद दावतात तसं. देव निदान उत्तर देत न्हाई. मॅडम लगेच लिवायची, "काकडी वाढवा".)

आता खरं सांगते. पयले आठ दिवस मी मन लावून केलं. नवव्या दिवशी सकाळी चालायला गेले ती चौकातल्या वडापावच्या गाडीपोतर. परत येताना चालनं झालंच की, असा मी हिशोब लावला. ताटाचा फोटो मी एकदाच चांगला काढला, अर्धी भाकरी, मेथी, लिंबाची फोड, आनि तोच रोज धाडला. तीन आठवडे. एक दिवस मॅडमनं इचारलं, शालनबाई, लिंबू रोज तिथंच कसं? मी म्हनले, आमच्यात उजव्या बाजूलाच वाढत्यात. वजन करताना मी खिडकीच्या गजाला बोट टेकवून उभी ऱ्हायची. टेप लावला की श्वास वढून धरायची. एकदा इतका धरला की डोळ्यापुढं काजवे चमकले आनि मॅडमच्याच अंगावर पडले. ती खाली, मी वर. ती बाई आठ दिवस कमरेला पट्टा लावून शिकवत व्हती. तवापासनं मी जायचंच सोडलं. ग्रुपवर लिवलं, गावाला हाय, घरीच समदं पाळतीया.

तसं गावाला मी एकदाच आले, तुझ्या नातवाच्या जावळाला. तेवढं मातर खोटं न्हाई. आपन दोघी भोसरीत घेतलेल्या सारख्या मोरपंखी साड्या नेसलो व्हतो. मांडवात समद्या बाया म्हनत व्हत्या, सुभद्राअक्कानं तब्येत काय राखलीया, पोरीवानी दिसतीया! माझ्या पोटात दुखाय लागलं. (तिथं जागा भरपूर.) मी तुला काय म्हनले आठवतंय? "अक्के, काय खातीस ते मला पन सांग, का दाजी उपाशी ठिवत्यात?" समदे हसले. तू पन हसलीस आनि तुझ्या ताटातला लाडू उचलून माझ्या ताटात टाकलास. मी तो खाल्ला. मंग पोरांनी आपल्या दोघींचा फोटो काढला, तू पदर सावरतीया तो.

पुढं तीन महिने भरले आनि मॅडमचा मेसेज आला, समद्यांनी 'नंतरचा' फोटो धाडा. दहा जनींनी धाडले. मी एकटीच ऱ्हायले. सारखं नाव घिऊन इचारायला लागली. आता तोंड कसं दावायचं? मी मोबाईल उघडला तर समोर आपला जावळातला फोटो. तेच नाक, तीच साडी, हनवटीवर तेच तीन ठिपके, एकाच जत्रेत एकाच गोंदनारनीनं टोचलेले. मी बोटानं माझी बाजू कापली आनि तुझी धाडली, खाली लिवलं, वजन चौसष्ट. जल्मात पयल्यांदा मी फोटोतनं सवताला काढून टाकलं बग. मिनिटभरात नऊ फुलं आनि दोन फुगवलेले दंड आले. मी फ्रिजपाशी उभी ऱ्हाऊन हसले आनि एक बेसनाचा लाडू खाल्ला.

मला काय ठाऊक ती बाई पुनावळ्याला दुसरा क्लास काढनार हाय आनि त्याची जाहिरात आमच्या चौकात लावनार हाय! मानसं वाढदिवसाला लावत्यात तेवढा मोठा फ्लेक्स, डावीकडं मी, पोटासकट, उजवीकडं तू. खाली लाल अक्षरात, 'तीन महिन्यांत चौदा किलो! शालनबाईंना जमलं, तुम्हाला का नाही?' आनि अक्का, मी नाक बगितलं, साडी बगितली, ठिपके बगितले, पन एक गोष्ट बगितली न्हाई. तुझ्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आनि गळ्यात मंगळसूत्र!

मंग काय इचारतीस. वडापाववाला म्हनला, मावशी, पेढे कधी? भाजीवाली म्हनली, फ्लेक्सवर पोट गेलं ते ठीक, पन कुंकू आनलं कुठनं? तळमजल्यावरच्या पद्मजाताई, शाळेत शिकवत्यात, एवढ्या शांत बाई, त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "खूप धाडसी निर्णय घेतलात, अभिनंदन." मी "थँक्यू" म्हनले. काय करनार? मला आधी मजा वाटली. मंगळसूत्र दाजींचं म्हंजे कायद्यानं दाजी माझे नवरे झाले, ह्यावर मी एकटीच घरात हसले. (दाजींना वाचून दावू नकोस, खोकला वाढंल.) पन ती बातमी चाकनला पोचली. सुजितला लाइनवर एकानं इचारलं, भावा, आईच्या लग्नाला बोलावलं न्हाईस?

तो फर्स्ट शिफ्ट करून आला. चिडला न्हाई, वरडला न्हाई. म्हनला, आई, चप्पल घाल. गाडीवर मागं बसवलं आनि चौकात फ्लेक्ससमोर नेऊन उभी केली. वर्षाली पन लॅबमदनं येताना तिथंच उतरली. सुजितनं इचारलं, "हे कोन?" मी पदर तोंडाला लावून म्हनले, तुझी मावशी हाय रे, गंमत झाली. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागनार. तो वर बगत ऱ्हायला. मंग म्हनला, "मावशी अशी कधी झाली?"

तवा मी वर बगितलं. अक्का, तुला शप्पत, तोवर मी तो फोटो पन्नास येळा बगितला आसंल, पन फकस्त पोटाच्या जागी. तिथं पोट न्हाई म्हनून खूश. आता तू घराएवढी मोठी झाली व्हतीस. गळ्याच्या हाडांमदी खड्डे पडलेले. ब्लाउज खांद्याला दोन ठिकानी पिनांनी आत घेतलेला. पदर सावरायला हात वर केलेला आनि बांगड्या मनगटावरनं घसरून पार कोपरापाशी. आई गेली त्या वर्सी तिच्या बांगड्या अशाच कोपरापाशी यायच्या, आनि आपन दोघी खेळायला त्या मागायचो, आठवतंय? वर्षाली रक्त तपासायच्या लॅबमदी हाय, ती हळूच म्हनली, "आई, ह्याला बारीक होणं नाही म्हणत. मावशींनी काही मुद्दाम केलंय का कमी व्हायला?" मी त्या दिवशी तुझ्या ताटात बगितलंच न्हाई. माझ्या ताटात आलेला लाडू तेवढा बगितला. मागं येकदा तू फोनवर म्हनली व्हतीस, ऊन लागतंय, जेवन जात न्हाई. पन जावळाला तर थंडी व्हती, अक्का.

मी सबंध रस्ता गाडीवर गप बसले. मी गप बसलेली सुजितनं पयल्यांदाच बगितली, दोनदा वळून बगितलं, पडली का काय म्हनून.

दुसऱ्या दिवशी सहाला हॉलवर गेले. दहा बायांच्या म्होरं उभी ऱ्हायले आनि समदं सांगितलं, लिंबू, खिडकीचा गज, वडापाव, आनि ती बाई माझी बहीन हाय आनि तिच्या अंगात काय दुखनं हाय ते आमाला ठाऊक न्हाई. कुनी हसलं न्हाई. विजयश्री म्हनून एक हाय, ती म्हनली, ताई, गजाला मी पन हात लावायची. मंग आनि चौघींनी हात वर केले. स्वरूपा मॅडम रडली. म्हनली, "फोटो मी नीट पाहिलाच नाही हो, मला पण फक्त पोटच दिसलं." तिनं त्याच दिवशी फ्लेक्स काढला. मी तो मागून घेतला. तुझं तोंड असलेलं कुठं कचऱ्यात टाकू? पलंगाखाली घडी करून ठिवलाय. रात्री पाय खाली सोडला की तू चरचर वाजतीस.

तर अशी माझी करनी. तुझा फोटो चोरला, तुझं कुंकू चोरलं, तुझ्या दुखन्याचं बक्षीस मी घेतलं. मला माफ कर म्हनायची पन लाज वाटती. मोठ्यांना नमस्कार, नातवाच्या टकलाला पापा.

तुझी,
जाड शालन

ता. क. माफी राहू दे बाजूला, पत्र त्याच्यासाठी न्हाई. सुजितनं रविवारची रजा टाकलीया. सकाळी आठला गाडी घिऊन तुझ्या दारात यील. तू बसायचं. सोमवारी डॉक्टरला दावायचं वर्षालीनं ठरवून ठिवलंय. कपिला व्यायलीया, दाजींना भाकरी कोन देनार, सून काय म्हनंल, असलं काय चालनार न्हाई. सवतासाठी तू येनार न्हाईस हे मला ठाऊक हाय, म्हनून घरात सांग, शालनचं पोट दुखतंय. एवढ्या मोठ्या पोटाबद्दल कुनी शंका घेनार न्हाई.

दुसरा ता. क. सुईला घाबरू नकोस. माझं पन रक्त काढनार हायत, वर्षाली सोडत न्हाई. आपन शेजारीशेजारी बसू. आधी मी हात म्होरं करंन, वरडंन पन मीच.

तिसरा ता. क. काल काट्यावर उभी ऱ्हायले. गज सोडून, श्वास सोडून. एक्क्याऐंशी. तीन महिन्यांच्या क्लासनं तीन किलो वाढले. हे सुजितला पन सांगितलेलं न्हाई, तुला सांगितलं. आता तू मला तुझं खरं सांग, हसून न्हाई.

शेवटचा. मॅडमची शिकवनी मी ह्या खेपेला खरंच धरलीया. ताटात भाकरी अर्धीच घेते. उरलेली अर्धी दोन दिवस झाले फडक्यात गुंडाळून ठिवतीया आनि तू अजून आली न्हाईस म्हनून संध्याकाळी कुत्र्याला घालतीया. ती आता ह्यांच्या वाटची म्हनून मी खानार न्हाई. ती तुझ्या वाटची हाय. ये.