चौथा धबधबा: वाट सोपी, वीस मिनिटे

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.१०

आज सकाळी सहाच्या बसने चौथ्या धबधब्याच्या वाटेपाशी उतरलो आणि त्याच बसने परत आलो. ड्रायव्हरला गाडी वळवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझी पाहणी उरकली. झाडं पाहिली. आतून पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे धबधबा जागेवर आहे. ड्रायव्हरने विचारलं, काही विसरलात का? म्हटलं, छत्री. छत्री हातातच होती.

कारण लिहून ठेवतो. उद्यान खात्याने यंदा ‘शहराजवळचे सात धबधबे’ हे पत्रक काढलं. नकाशे माझे, मजकूरही माझा. बावीस वर्षं खात्यात नकाशे काढतो आहे. सातांपैकी पहिला धबधबा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. तो बसमधून दिसतो. बाकीचे सहा जुन्या नकाशांवरून केले. अंतर दोऱ्याने मोजलं. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, ओला दोरा वाटेवर वळणावळणाने ठेवायचा, मग सरळ करून पट्टीला लावायचा. चौथ्याचा दोरा साडेचार सेंटिमीटर भरला. म्हणून लिहिलं, ‘वाट सोपी. वीस मिनिटे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही जमेल.’ उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा तेवढ्या काढून टाकल्या. फार दाट होत्या, नकाशा मळकट दिसत होता. साहेब म्हणाले होते, स्वच्छ ठेवा.

काल मुलीचा फोन आला. येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन चौथ्या धबधब्याला जाणार आहे. विहीणबाईंच्या उजव्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या घरातच असतात. पण पत्रक वाचून म्हणाल्या म्हणे, व्याह्यांनी लिहिलंय जमेल, तर जमेल.

संकल्प: रविवारच्या आत ती वाट स्वतः चालून पाहायची. पूर्ण.

५ ऑगस्ट, मंगळवार

जुना नकाशा काढून भिंगाखाली धरला. नखाएवढ्या जागेत चौदा रेषा. एक रेष म्हणजे पाच मीटर. म्हणजे आमच्या कचेरीसारख्या पाच इमारती एकमेकींवर रचल्या तर जेवढं होईल तेवढा उतार. दोऱ्याला हे कळत नाही. दोऱ्याचा दोष नाही.

मी भित्रा नाही, सावध आहे. लहानपणी सगळी पोरं गावच्या विहिरीत उड्या मारायची तेव्हा मी काठावर कपडे सांभाळत बसायचो. कुणीतरी ते करायला हवंच होतं.

नवे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, हे घातल्यावर घसरायचं म्हटलं तरी घसरता येणार नाही. कचेरीच्या जिन्यावर सराव केला. चार मजले वर, चार खाली. खाली येताना कठडा धरला, तो स्वच्छ आहे की नाही ते पाहायला.

६ ऑगस्ट, बुधवार. दुपारी

गेलो. पंधरा मिनिटं वाट खरोखर सपाट होती. झाडी, गार वारा. मनात म्हटलं, उगीच घाबरलो. पुढे वळण आलं आणि वाट संपली. म्हणजे संपली नाही, खाली गेली. खडकात कोरलेल्या पायऱ्या, ओल्या, शेवाळलेल्या. एका बाजूला साखळी, दुसऱ्या बाजूला काही नाही. आवाज एवढा की छातीत वाजत होता. पाचावर धारण बसली. मीही बसलो. देवाचं नाव घेतलं.

खालून जंगल खात्याचा रक्षक वर आला. म्हणाला, तीनशे दहा पायऱ्या आहेत, काका. परवाच एकाचा हात मोडला. मग त्याने खिशातून आमचं पत्रक काढलं. म्हणाला, हे ज्याने लिहिलंय ना, त्याला एकदा इथे आणून उभा केला पाहिजे.

म्हटलं, बरोबर आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

संकल्प बदलला. चालणं महत्त्वाचं नाही, सांगणं महत्त्वाचं. मुलीला फोन लावला. हवेबद्दल बोललो. मग विहीणबाईंनीच फोन घेतला. नवी काठी आणली आहे. रोज घरातल्या पॅसेजमध्ये चाळीस फेऱ्या मारतात. वर्षभरात घर सोडून काही पाहिलं नाही, म्हणाल्या, आता पाणी पडताना बघायचंय. व्याही, तुमच्यामुळे.

मी म्हटलं, पाणी भरपूर पिता ना?

बायको शेजारीच होती. म्हणाली, चूक झाली एवढं सांगायला काय होतं? म्हटलं, विषय शास्त्रीय आहे. म्हणाली, मग शास्त्रीय पद्धतीने सांगा, पण त्या बाईचा गुडघा मोडायच्या आत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

साहेब खूश आहेत. पत्रक लोकांना आवडलं म्हणून सातही वाटांवर कायमचे लोखंडी फलक लावायचे आहेत. मजकूर तोच, नकाशे तेच. सोमवारी माझी सही हवी. लोखंड किती वर्षं टिकतं ते विचारलं. तीस.

संध्याकाळी देवाकडे धो धो पाऊस मागितला, म्हणजे रविवारचा बेत रद्द होईल. मग आठवलं, पावसाने पायऱ्या आणखी निसरड्या होतात. मागणं परत घेतलं. नुसतं ढगाळ ठेव म्हटलं. देवाला माझ्यासारखे किती कारकून सांभाळावे लागत असतील.

९ ऑगस्ट, शनिवार

मुलीला कळवलं, मीही येतो. जागेवर उभं राहून समजावणं जास्त परिणामकारक. तिथे गेलं की त्या पायऱ्या पाहून स्वतःच नको म्हणतील. मला बोलावंही लागणार नाही. उत्तम योजना.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी



वळणावर पोहोचलो. मी म्हटलं, इथूनच पाहण्यासारखं आहे. विहीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. म्हणाल्या, व्याही, ही तर झाडं आहेत. धबधबा कुठाय? म्हटलं, खाली. मुलगी म्हणाली, आई, राहू दे. त्या म्हणाल्या, तुझ्या बाबांनी लिहिलंय ना जमेल म्हणून? आणि पहिल्या पायरीवर चक्क बसल्या. बसूनच एकेक पायरी उतरू लागल्या.

त्या घसरल्या तर अडवायला कुणी हवं म्हणून मी त्यांच्या पुढे झालो. हे धाडस माझ्या हातून कसं झालं, माहीत नाही. अकराव्या पायरीवर पाय थांबले. दोन्ही हात साखळीला. मागून आवाज आला, व्याही, सरका जरा.

म्हटलं, जमत नाही. आणि मग सगळंच बोललो. मान वळवता येत नव्हती, त्यामुळे खडकाकडे तोंड करून बोललो. दोरा, रेषा, मी इथे कधी आलोच नव्हतो, सगळं. पाण्याच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं. चूक कबूल करायला एवढा मोठा आवाज लागतो हे माहीत नव्हतं.

ऐकताना त्या उठायला गेल्या आणि पाय सुटला. काठी माझ्या कानाजवळून गेली, आपटत आपटत खाली, आणि मग तिचा आवाज आलाच नाही. वर मुलगी किंचाळली. विहीणबाईंच्या मुठीत माझी कॉलर होती, माझ्या मुठीत साखळी. देवाचं नाव आठवेना. तोंडातून फक्त ‘आई गं’ निघालं. देवाने तेच चालवून घेतलं असावं, कारण कॉलर फाटली नाही.

अकरा पायऱ्या वर यायला अर्धा तास लागला. त्या बसून, मी रांगत. वर आल्यावर मी माफी मागितली. त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाल्या, मला काही झालं नाही. पण ते पत्रक आधी सुधारा. उद्या आणखी कुणाची तरी सासू येईल.

धबधबा कुणीच पाहिला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार. सायंकाळी ५.४०

दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने काढली तो आमच्याच खात्यात असणार.

आज पत्रकाच्या आणि फलकाच्या नकाशावर चौदाच्या चौदा रेषा परत काढल्या. नकाशा मळकट दिसतो. खाली लिहिलं, ‘वाट अवघड. जाऊन यायला दोन तास. तीनशे दहा निसरड्या पायऱ्या. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी उतरू नये.’ अकराव्या पायरीवर एक काळा ठिपका काढला आणि कोपऱ्यात त्याचा अर्थ दिला: नकाशा काढणारा इथपर्यंत गेला आहे.

साहेबांनी ठिपका पाहिला. मी सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, आणि बाकीचे पाच?

त्या पाच नकाशांवर ‘सोपी’ खोडून ‘वाट तपासलेली नाही’ लिहिलं. मग ठिपके काढले. पाचही आपापल्या बसथांब्यावर.

सही केली. छापायला पाठवलं.