गच्चीवरचं पातं

मंगळवार, मे महिना. संध्याकाळ.

आजही आमच्या दुकानांच्या कॉम्प्लेक्सच्या गच्चीवरच्या पवनचक्कीचं पातं हललं नाही. मी ती बसवली तेव्हा शेजारचा प्लॉट मोकळा होता. आता तिथं टोलेजंग इमारत उभी आहे. वारा अडेल, हे कळू नये? अक्कल गहाण ठेवली होती का मी? वर दुकानदारांना छातीठोक सांगितलं, वारा पडला तर सोलर आहेच. आणि सोलरवर ही एवढी धूळ! शेवटी पॅनेल धुवायला टाकीच्या तळाचं उरलंसुरलं पाणी मारलं. खाली वॉचमनची बायको कांताबाई पन्हळीला घागर लावून उभी. गढूळ पाणी, तरी थेंब सांडू देईना.

"साहेब, उद्याबी धुणार नव्हं?"

"व्हय," म्हणालो. का म्हणालो? टाकी कोरडी, आणि पाण्याच्या टँकरवाल्यानं तर हात वर केलेत.

आत्ता पुन्हा वर बघून आलो. पातं तसंच. उतरताना दिसलं, पन्हळीखाली कांताबाईनं उद्यासाठी रिकामी घागर लावून ठेवलीय.