पुढचं वाक्य वाचलंच नाही

सोम., ४ ऑगस्ट
सकाळी ग्लॅडिसचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "काय गो शुभा, आम्ही अडसर ना? तुझं पुस्तक वाचून दाखवलं मला. भर मीटिंगमध्ये!" ठेवलाच फोन. उलट केला तर उचलत नाही.

मंगळ., ५ ऑगस्ट
कळलं एकदाचं. परळच्या प्रसूतिगृहाची मीटिंग होती. इमारतीला कुलूप लावलंय, ती खाजगी संस्थेला चालवायला द्यायचं घाटतंय. बायकांनी विचारलं, आम्हाला न विचारता ठरवलं कुणी? ग्लॅ. उठली. तिथून दोनदा नगरसेविका म्हणून निवडून आलेली, ते प्र.गृह तिनेच भांडून वाढवून घेतलेलं. आता नगरसेवकच नाहीत. मुदत संपली, निवडणूक लांबतेय, कारभार अधिकाऱ्यांच्या हातात. तर पालिकेच्या तिथल्या साहेबाने माझं पुस्तक काढलं आणि वाचलं: "नगरसेवक हा नागरिक आणि प्रशासन यांच्यातला अडसर होऊन बसला आहे." म्हणाला, हे मी नाही म्हणत, विदुषी म्हणतात.

वाक्य माझंच. आजही खरं मानते. पण त्याला लागूनच पुढचं वाक्य आहे! "मात्र तोही काढून घेतला, तर नागरिकाला दाद मागायला कुणीच उरत नाही आणि शहर सरळ मंत्रालयातून हाकलं जातं." अख्खं पुस्तक त्या वाक्यासाठी लिहिलं. हा माणूस पूर्णविरामाशी थांबला.

साहेबांची वेळ मागून घेतली, परवाची. 

गुरु., ७ ऑगस्ट
साहेबांना भेटले. चहा, बिस्किटं, "मॅडम, या कॉपीवर सही द्या ना." पानापानाला खुणा केलेल्या! म्हणजे वाचलंय नीट. तेच जास्त लागलं.
मी म्हटलं, "पुढचं वाक्य का नाही वाचलंत?"
"मॅडम, वेळ कमी होता."
हसून. अगदी सभ्यपणे. सही केली नाही. पेन त्यांच्याच टेबलावर राहिलं, चांगलं होतं.

रवि., १०
गिरगावात ग्लॅ.च्या वाडीत गेले. दार उघडलं, ये म्हणाली नाही. आत गेले तशीच. किती वर्षं याच कोचावर बसून तिच्या मुलाखती घेतल्या. कुठल्या कामासाठी कोणत्या आमदाराचे पाय धरावे लागले, सगळं सांगितलं तिने. रडलीही एकदा.
"तुझं नाव कुठेच घेतलं नाही मी."
"घेतलं असतंस तर बरं. भांडले असते तुझ्याशी. आता सगळ्या नगरसेवकांच्या वतीने मीच चोर."
 संशोधनात 'नाव न घेणं' हा शिष्टाचार. तिच्या लेखी ती पळवाट.
निघताना म्हणाली, शुक्रवारी परत मीटिंग आहे, तोंड असेल तर ये.

मधे एका पेपरला लेख पाठवला. संपादक म्हणतात, "दुसरी बाजूही घ्या." अहो, दुसऱ्या बाजूनेच माझी बाजू घेतलीय, तीच तर तक्रार आहे!

शुक्र., २२
मीटिंग पुढे ढकलून आज झाली. परळचा हॉल गच्च. मी उठले तर साहेबच माझी ओळख करून देतात, "आपल्या कामाच्या अभ्यासक!" टाळ्याही पडल्या. दोन्ही वाक्यं वाचली. दुसरं दोनदा. जरा बरं वाटतंय तोवर मागून एक आजी, लालबागच्या: "ता पुस्तक ऱ्हवांदे बाई. माझ्या सुनेक नववो म्हयनो लागलो. तिका खंय न्हेव, ता सांगा."
मी साहेबांकडे बघितलं.  ते म्हणाले, "लेखी द्या."
तेव्हा ग्लॅ. उभी राहिली. ना पद, ना माइक. "लेखी काय लेखी? बाळ थांबणार हाय काय तुमच्या शिक्क्यासाठी?" आणि कुलूप काढायची तारीख सांगितल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठू दिलं नाही. तारीख नाहीच मिळाली. "वरून विचारून सांगतो." वरून!
दोघी बाहेर आलो. मग तिनेच टॅक्सी केली, दादरला मला सोडलं. अर्धं भाडं द्यायला गेले, तर हात बाजूला सारला.

मंगळ., २ सप्टेंबर
पेपरात बातमी. प्रसूतिगृह हस्तांतरणासाठी सल्लागार समिती, सदस्यांत माझं नाव. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!
ग्लॅ.चा फोन: "झालीस ना सरकारी?"
"मी हो म्हटलेलं नाही."
"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग."
साहेबांच्या ऑफिसला फोन केला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत."
"कसली मीटिंग?"
"समितीची, मॅडम. तुमच्याच."
साडी बदलतेय. ग्लॅ.ला कळवलं, ती चर्नी रोडवरून निघाली, थेट तिकडेच येतेय. मला आत घेतील, नावच आहे माझं. तिला घेतात का बघू. नाही घेतलं तर मीही दारातच बसते, तिच्या शेजारी.