जीपमध्ये आलेलं आवतन

महाल, नागपूर
एप्रिल १९८६

तीर्थरूप मधुकरमामा आणि गोपिकामामी,

तुमच्या दोघांच्या पायांवर डोकं ठेवून (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे पुढचा मायना मले येत नाही, तो आला असं समजा) पत्र लिहून राहिलो. मामीची कंबर कशी आहे? मामा, तुमचा खोकला? इकडे आईचे गुडघे सोडले तर सारे मजेत. मी तर इतका मजेत आहे, की कालपासून उगाच एकटाच हसून राहिलो. माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट पार पडला!

नसता पडला तर वर्ष गेलं असतं, पुण्याच्या कंपनीची नोकरी गेली असती, आणि बाबा तर म्हणालेच होते, "मग ये इतवारीत आपल्या भांड्यांच्या दुकानावर, गंज-पराती वीक."

प्रोजेक्ट काय होता ते सांगतो, कारण त्यात तुमचा मोठा हात आहे. चालत्या जीपमध्ये वायरलेसचा डबा ठेवायचा. कॉलेजातून निरोप टाइप केला की तो डब्याच्या छोट्या पडद्यावर उमटते (मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत). आता जीप पळते, मधात बिल्डिंगी येतात, निरोप अर्धाच पोचते. तो अर्धा फेकून द्यायचा नाही. जपून ठेवायचा, तोच निरोप पुन्हा मागवायचा, आणि दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून भोकं बुजवायची. पण जपून ठेवायले मेमरी लागते, अन् आमच्या डब्यातली मेमरी म्हणजे जेमतेम एक पोस्टकार्ड. म्हणून कमी जागेत जास्त कोंबायचं. मामी नाही का थंडी सरली की साऱ्या रजया पेटीत भरते, मग स्वतः झाकणावर बसते, तवा कुठं कडी लागते? तेच, फक्त बसायले मामी नाही.

मग कोंबायचं कसं? माणूस तेच ते किती लिहिते, ते पाहायले मी आईनं जपलेली तुमची सारी पत्रं काढली. मामा, रागावू नका, पण इतक्या नेमानं तेच ते लिहिणारा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल! तुमच्या मायन्याले दिला आकडा एक. 'इकडे सर्व ठीक, तिकडचे कळवावे' याले दोन. आईच्या गुडघ्यांची चौकशी, तीन. असं करता करता तुमचं दोन पानी पत्र एका ओळीत मावलं. नवीन फक्त 'म्हैस व्याली' एवढंच निघालं, ते बिचारं अक्षरांत ठेवावं लागलं. मी नाचून राहिलो, आणि आई बिघडली. "माझ्या भावाच्या मायेचे आकडे करून ठेवले काय गा तू?" आणि सारी पत्रं उचलून घेऊन गेली.

परीक्षेच्या दिवशी आमचे चोरघडे सर (स्वभावानं गाय) कॉलेजात मशीनपाशी बसले, आणि जबलपूरहून आलेले परीक्षक खानझोडे सर माझ्यासोबत जीपमध्ये. यांचा चेहरा असा, की आत्ताच कोणी एरंडेल पाजून पाठवलं. मोकळ्या रस्त्यावर डबा झकास चालला, तर म्हणाले, "इथे कोणताही डबा चालेल. गर्दीत घ्या." ड्रायव्हर रामाजीनं जीप सरळ इतवारीत घातली. हातगाड्या, टेम्पो, टेम्पोच्या इंजिनातल्या ठिणग्यांनी वायरलेसमध्ये नुसती खरखर, आणि जीप अडकली कुठं, तर बाबांच्याच दुकानासमोर. बाबा गादीवरून पाहून राहिले. मी मान फिरवली.

चोरघडे सरांनी धाडलं, 'परत या. चहा तयार आहे. वाट पाहतो.' त्यातलं पोचलं फक्त 'या' आणि 'वाट'. पुन्हा मागवलं, पुन्हा तीच भोकं. आता मी मोठ्या हुशारीनं डब्याले शिकवून ठेवलं होतं, की शंका आली तर ओळखीचं वाक्य धर. आणि त्याच्या ओळखीचे एक तुम्हीच. पडद्यावर तुमच्या पत्रातलं नेहमीचं वाक्य उमटलं, 'रविवारी सहकुटुंब जेवायले या. नाही म्हणू नका. गोपिका वाट पाहून राहिली.'

खानझोडे सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"गोपिका कोण?"

"सर, मामी."

रामाजी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायले लागला. "घ्या साहेब, डब्यानं आवतन धाडलं!"

वर्ष गेलं, पुणं गेलं, समोर पराती दिसून राहिल्या. तुमच्या पत्रांपासून सारं खरं सांगून टाकलं. सरांनी एकच विचारलं, "दोन्ही तुटके निरोप मेमरीत मावले?" मी म्हटलं, मावले सर, वर जागाही उरली. "मग अंदाज काहून ठोकते? तिसऱ्यांदा माग ना!" (चिडले की तेही आपल्यासारखेच बोलतात!) मी बटण फिरवून डब्याची ती खोड बंद केली, निरोप परत मागवला, आणि तिन्ही तुकडे जुळून चहा पडद्यावर आला, अक्षर न् अक्षर! सर पहिल्यांदा हसले. पाठ थोपटून म्हणाले, "युक्ती चांगली आहे." मी आनंदानं उठलो ते जीपच्या टपाले डोकं आपटलं. टेंगूळ आहे, पण दुखत नाही.

चला, जीव भांड्यात पडला, तोही बाबांच्याच दुकानासमोर. साऱ्यांले नमस्कार, रेडकाले गोंजारा.

तुमचा,
हेमंत

ता. क. मार्क अजून भरले नाहीत. खानझोडे सर सोमवारी भरतील. तसं काही नाही, फक्त जाता जाता त्यांनी विचारलं, "ते आवतन खरं आहे का?" माझंच मशीन खोटं बोलते हे मी कोणत्या तोंडानं सांगू? हो म्हटलं. त्यांची सासुरवाडी नागपूरचीच, म्हणून सहकुटुंब म्हणजे बाईसाहेब आणि सासूबाई. सरांले वडाभात फार आवडते म्हणे. तुम्ही ते वाक्य लिहायचं म्हणून लिहिता, हे मले माहीत आहे. त्यांले कळू देऊ नका.

आणखी एक. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र सरांच्याच हाती देऊन राहिलो. म्हणजे तुम्ही वाचत असाल तवा मंडळी समोरच बसून असतील. चेहरा हसरा ठेवा आणि मामीले लवकर आत पाठवा.

आणि मामा, तुम्हाले पत्र मोठ्यानं वाचायची सवय आहे. हे मनातल्या मनात वाचा, असं सगळ्यात वर लिहायले पाहिजे होतं.