उजव्या पंखावरच्या वळ्या

मास्तर, तुमच्या कबरीच्या क्रुसावरची अक्षरं आता बोटांनी चाचपून वाचावी लागतात, इतकी वर्षं झाली. तरी हे सांगायला मला दुसरं कोणी सुचत नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, लिहिताना चुकेन. तुम्ही माझ्या चुका काढायचात तशा याही काढा, पण ऐकून घ्या.

गोखिवऱ्याचा आपला गाळा तुम्हाला आठवत असेल. वरती पत्रा, खाली थिनरचा वास, आणि टेबलावर हातभर लांबीची शोभेची लढाऊ विमानं. कुठल्या तरी प्रदर्शनात किंवा साहेबांच्या केबिनमध्ये ठेवायची. त्यांच्यावर हिरवे-तपकिरी पट्टे चढवायचं काम तुम्ही दुसऱ्या कोणाला देत नव्हता. आधी सगळं विमान फिक्या मातीच्या रंगाचं करायचं. मग मेणमातीच्या करंगळीएवढ्या वळ्या करून पट्ट्यांच्या कडेने नागमोडी लावायच्या, जो भाग मातीचा राहायला हवा तो ओल्या कागदाने झाकायचा आणि वरून हिरवा मारायचा. वळी गोल असते म्हणून रंगाची कड धारदार येत नाही, धुक्यासारखी विरते. एकदा मी पंखावरची धूळ फुंकरीने उडवली तर तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "फुंकू नको. थुंकी उडते, रंग तिथे धरत नाही. तोंड बंद ठेव नि हात चालव." सगळं झाकून झालं की विमान ओळखू यायचं नाही, कागदात गुंडाळलेलं काहीतरी पडलेलं असायचं. तेव्हा तुम्ही हसून म्हणायचात, मुडदा बांधून झाला, आता उठवा त्याला. मला ती थट्टा तेव्हाही आवडत नव्हती.

तुम्हाला पेटीत ठेवलं तेव्हा मी पायांशी उभा होतो. फादर प्रार्थना म्हणत होते आणि माझं लक्ष तुमच्या नाकातल्या कापसाकडे. विमानाची चाकं जिथे आत जातात त्या पोकळीत रंग जाऊ नये म्हणून आपण अगदी तसाच कापूस भरायचो. मला वाटत राहिलं, आता कोणीतरी चिमट्याने तो हळूच काढेल. बायको म्हणाली, रडत का नाहीस?

आता बायकोही नाही. मी वटार गावी मुलाकडे असतो. मागच्या पडवीत त्याने मला टेबल लावून दिलंय, रंग फवारायला छोटा कॉम्प्रेसरही आहे. विरारचा एक शौकीन अजून विमानं रंगवायला देतो. पण पावसाळ्याआधी मी नंदाखालहून परत येताना वाट चुकलो, केळीच्या वाडीत बसून राहिलो, लोकांनी घरी आणून सोडलं. नंतर एकदा गॅस चालू राहिला. मुलगा ओरडला नाही, तेच जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला की पप्पा, पुन्हा असं काही झालं तर हे टेबल उचलायचं, थिनर-बिनर घरात नको, आणि डॉक्टरकडे जायचं. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो. नळ बघतो, कडी बघतो, स्वतःच्या चपला बघतो.

मंगळवारी जेवायच्या आधी मी एका विमानाच्या डाव्या पंखावर वळ्या लावल्या. उजवा कोरा ठेवला. जेवलो, आतल्या खोलीत खाटेवर पडलो, पंख्याचा आवाज ऐकत झोपलो. चहाच्या वेळी पडवीत गेलो तर उजव्या पंखावर वळ्या लावलेल्या. सुंदर, एकसारख्या. मी वाकून एकेक वळण बघितलं. वळणावर वळी दाबताना माझा अंगठा बाहेरच्या बाजूला उमटतो. तुम्ही डावरे, तुमचा आतल्या बाजूला उमटायचा. इथे प्रत्येक वळणावर तो आतल्या बाजूला होता. मी डाव्या हाताने एक वळी लावून बघितली. वळी वाकडी गेली, तुटली.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तिने कप ठेवला आणि सहज विचारलं, "पप्पा, डाव्या हाताने कधीपासून करायला लागलात?"

मी विचारलं, कधी बघितलंस? ती म्हणाली, मघाशी दोरीवरचे कपडे काढायला आले तेव्हा. पाठमोरे बसला होता, म्हणून हाक मारली नाही. मग हसली आणि म्हणाली, "आणि दम कोणाला देत होता? फुंकू नको, फुंकू नको म्हणून. बिचारी मांजर पळाली."

मी चहा घेतला. हो, मीच होतो, सवय करतोय, असं सांगितलं. ती ऐकून आत गेली. मुलाला तिने अजून काही सांगितलेलं दिसत नाही, पण सांगेल. सहज, जेवता जेवता सांगेल.

मास्तर, माझी तेव्हापासून झोप उडाली आहे. त्या खुर्चीत मी बसलो होतो आणि मला आठवत नाही, असं असेल तर माझं डोकं गेलं. मग टेबल जाईल, विमानं जातील, मला खाटेवर बसवून ठेवतील आणि दाराला बाहेरून कडी लागेल. आणि मी नव्हतो, तर तुम्ही होता. तुम्ही असाल तर मी शहाणा आहे. भुताने घर धरलं म्हणून सुटलो असं वाटणारा माणूस तुम्ही बघितलाय का? घरात क्रूस आहे, रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते, तरी मी तुमची वाट बघतो.

हा कागद टपालपेटीत टाकायचा नाही. आता तो भिजवून शेपटीवर चिकटवणार आहे, वरून हिरवा मारला की अक्षरं जातील. फक्त एक सांगतो. आज दुपारी मी शेपटी कोरी ठेवून मुद्दाम आत गेलो, झोपलो नाही, दाराआड उभा राहिलो. पडवीत खुर्ची करकरली. डोकं थोडं पुढे केलं असतं तर सगळं दिसलं असतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, मास्तर. तुम्ही दिसाल याची भीती नव्हती. खुर्ची रिकामी दिसेल याची होती.