सहा महिन्यांची यादी

३ नोव्हेंबर
अजून निकाल नाही! हाडांच्या डॉक्टरकीच्या परीक्षेची ही माझी तिसरी खेप. याही वेळी आपटले तर लाखांदूरच्या या सहा खाटांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणूनच म्हातारी होणार.
दिवसभर पेशंटशी बोलते, संध्याकाळी भिंतीशी. डबा आणणाऱ्या आनंदाबाई विचारतात, "कालचा डबा संपला का?" तेवढंच.

४ नोव्हेंबर
कुलदीपचा फोन. सानगडीचा, माझ्याच बॅचचा. आता इंग्लंडात तिथली परीक्षा देतोय. "इथं घंटी वाजली का दुसरा पेशंट. रडाले बी टाइम नाही." आपल्याकडे परीक्षेत एकाच पेशंटवर पाऊण तास सोलून काढतात! अमेरिकेत म्हणे आणखी वेगळंच — लेखी पास झाल्यावर कामाला लागायचं, मग स्वतःच्याच सहा महिन्यांच्या केसेसची यादी द्यायची, आणि प्रश्न त्याच यादीवर. "आपल्याले असं विचारलं त?" दोघंही हसलो.
फोन ठेवला आणि खोली जास्तच रिकामी झाली.

६ नोव्हेंबर
खोली खायला उठते, म्हणून अमेरिकन यादी करायला घेतली. नाव, हाड, इलाज — भराभर. शेवटचा रकाना: पुढे काय झालं? जवळजवळ कोरा. प्लास्टर घालून जातात ते गायबच. लोकांना शिस्त नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
एकटीनं बसण्यापेक्षा बरं, म्हणून एसटीनं दिघोरीला गेले. यादीतला सुखराम — साठीचा, सप्टेंबरात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पडून मनगट मोडलेलं. मीच बसवलं होतं. आठवड्यानं एक्स-रेला या, म्हटलं होतं.
मनगट वाकडं जुळलंय. मूठ वळत नाही. सगळं गाव धान कापतंय आणि हा कडेला बसून बघतोय.
"आलो नं जी तीनदा. तुमी परीक्षेले गेल्या म्हनत."
मग दुसऱ्या डॉक्टरांना का नाही दाखवलं?
"तुमीच सांगतलं होतं, माह्याशिवाय कोनाले हात लावू देऊ नोको."
सांगितलं होतं खरं. प्रत्येकालाच सांगते, नाहीतर लोक प्लास्टर काढून हाड चोळून घ्यायला जातात. मी रजेवर जातेय, हे सांगायचं तेवढं राहिलं. निघायच्या घाईत होते — लक्ष सगळं पुस्तकात.
त्याच्या बायकोनं, शकुनबाईंनी चहा दिला. कोणी वावगं बोललं नाही. बोलायला हवं होतं.

१० नोव्हेंबर
कुलदीपला फोन लावला. उचलला नाही. बरंच झालं.

१४ नोव्हेंबर
निकाल लागला. पास.
त्याच रजेत दिलेल्या तोंडी परीक्षेत वाकडं जुळलेलं एक मनगट समोर होतं. असं का झालं असेल, विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "पेशंट परत दाखवायलाच आला नाही, सर." सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.